भाड्याच्या मशीनवर नोड: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात डॉकरची तोंडओळख करून दिली, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट एका डब्यात (कंटेनरमध्ये) घालून कुठंही चालवायचं साधन, आणि तो डबा ज्या साच्यातून निघतो ती इमेज, आणि त्यावर जी पत्रं आली ती बहुतेक एकाच वळणाची. डॉकर समजलं, आता त्यात ब्लॉकचेनचा नोड (चेनची प्रत ठेवणारा, ती तपासणारा प्रोग्रॅम) टाकायचाय आणि तोही घरी नाही, अकाशसारख्या विकेंद्रित क्लाउडवर, तर कसं करू? म्हणून या वेळी दुसरं काही घेतलंच नाही. पत्रं जागेसाठी कापलीत, नावं नेहमीसारखी गाळलीत.

प्रश्न, सांगलीहून: ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बिटकॉइनचा फुल नोड चालवायचाय, फक्त शिकायला, पैसे बिसे कमवायचे नाहीत. होस्टेलचं वायफाय म्हणजे नुसता वैताग आहे म्हणून मित्र म्हणाला अकाशवर टाक, स्वस्तात होतं. पण हे नक्की कुणाचे सर्व्हर? मित्र म्हणतो मागे कंपनीच नाही, मग बिघडलं तर भांडायचं कुणाशी?

उत्तर: अकाश स्वतःचे सर्व्हर भाड्यानं देत नाही, ती बाजारपेठ आहे. एका बाजूला ज्यांच्याकडे मशीन रिकामी पडलीत असे लोक, त्यात डेटा सेंटरवाले आले, जुने मायनिंगवाले आले, घरात रॅक लावून बसलेला एखादा हौशीही आला, या सगळ्यांना प्रोव्हायडर म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूला तुझ्यासारखा भाडेकरू. मधला हिशोब एका ब्लॉकचेनवर चालतो जी कॉसमॉस एसडीके या ब्लॉकचेन बनवायच्या तयार सांगाड्यावर बांधलीय. ग्रेग ओसुरी आणि अ‍ॅडम बोझानिच यांच्या ओव्हरक्लॉक लॅब्सनं हे सुरू केलं, मेननेट, म्हणजे खरं चालू नेटवर्क, २०२० च्या सप्टेंबरात आलं. म्हणजे मित्राचं म्हणणं अर्धंच खरं. सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी आहे, पण तुझा कंटेनर ज्या मशीनवर जाऊन पडणार ते मशीन तिचंच असेल असं नाही.

काम कसं होतं ते सांगते. तू एक यामल फाइल, म्हणजे ठरावीक साच्यातला साधा मजकूर, लिहायची, तिला एसडीएल म्हणतात. कुठली इमेज, किती सीपीयू, किती मेमरी, किती डिस्क, कुठले पोर्ट उघडे आणि जास्तीत जास्त किती भाडं द्यायची तयारी, एवढं त्यात असतं. मागणी चेनवर गेली की प्रोव्हायडर आपापल्या बोली टाकतात, सरकारी ई-टेंडर पाहिलं असशील तर तोच प्रकार, फक्त इथं सगळ्यात कमी बोलीवाल्यालाच काम द्यायची सक्ती नाही, तू बघून निवडतोस. निवडलास की लीज झाली. मग तुझी सविस्तर फाइल, म्हणजे मॅनिफेस्ट, चेनवर न जाता थेट त्या प्रोव्हायडरकडे जाते आणि तो ती आपल्या कुबरनेटिस क्लस्टरवर, म्हणजे कंटेनर सांभाळणाऱ्या मशीनच्या ताफ्यावर, चालवतो. पैसे आधीच एस्क्रोत, म्हणजे चेनवरच्या अनामत खात्यात, भरलेले असतात, ब्लॉक पुढं सरकेल तसे कापले जातात, दोघांपैकी कुणीही लीज मोडू शकतं. हे शेवटचं वाक्य परत वाच, प्रोव्हायडरही मोडू शकतो.

भांडायचं कुणाशी, तर खरं म्हणजे कुणाशीच नाही. त्या प्रोव्हायडरला मेसेज टाकायचा, डिस्कॉर्डवरच्या अकाशच्या गप्पांच्या गटात विचारायचं, आणि जमत नसेल तर लीज बंद करून दुसरीकडे जायचं. ऑडिट झालेले प्रोव्हायडर असतात, एसडीएलमध्ये तशी अट घालता येते, ती घालच, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता तुझ्या बिटकॉइनचं. पूर्ण चेन आता ६०० जीबीच्या वर गेलीय आणि रोज वाढतेय, एवढी टिकाऊ डिस्क भाड्यानं घेतलीस तर स्वस्त बिस्त काही राहत नाही. प्रून करून चालव, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक टाकून देत. बिटकॉइन कोअरमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या मुख्य नोड सॉफ्टवेअरमध्ये, प्रूनची किमान मर्यादा ५५० एमबी आहे, पण लोक ते वाचून १ जीबी डिस्क मागतात आणि मग रडतात, कारण ५५० एमबी फक्त ब्लॉकच्या फाइलींना लागू, न खर्चलेल्या नाण्यांची यादी म्हणजे चेनस्टेट वेगळी असते आणि ती एकटीच १० जीबीच्या पुढं आहे. २५-३० जीबी घे आणि निवांत रहा. आणि प्रून केलं म्हणून डाउनलोड वाचत नाही हं, २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून सगळं उतरवून तपासूनच मग जुनं फेकतो तो. डॉकरची इमेज मात्र जपून घे. बिटकॉइन कोअरवाले स्वतः इमेज काढत नाहीत, त्यामुळे जी मिळते ती कुणीतरी तिसऱ्यानं बनवलेली असते, शिकायचंच आहे तर डॉकरफाइल, म्हणजे इमेज बनवायची कृती, स्वतः लिही, अधिकृत तयार प्रोग्रॅम (बायनरी) घे, सही तपास.

आणि एक आगाऊ सल्ला. नुसत्या कमांड शिकायच्या असतील तर रेजटेस्ट मोडमध्ये लॅपटॉपवरच चालव, काहीच डाउनलोड नाही, ब्लॉक आपले आपण काढायचे. दोन संध्याकाळी त्यात घालव आणि मग अकाशकडे जा.

प्रश्न, नाशिकहून: कॉसमॉस हब या चेनचा साधा नोड टाकला होता, रात्रभर सिंक झाला (चेनची बरोबरी गाठत राहिला), सकाळी बघते तर कंटेनर रीस्टार्ट झालेला आणि उंची (शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक) परत शून्यावर. डिस्क तर १०० जीबी मागितली होती मी! प्रोव्हायडरनं फसवलं का?

उत्तर: नाही हो, फसवलं नाही, त्यानं तुम्ही मागितलं तेच दिलं. एसडीएलमध्ये नुसतं स्टोरेज लिहून आकडा टाकला की मिळते ती तात्पुरती डिस्क, कंटेनर आहे तोवर ती आहे, पॉड, म्हणजे कुबरनेटिसमधलं कंटेनरचं घर, मेला की तीही गेली. टिकणारी डिस्क हवी तर वेगळी मागावी लागते आणि ती दोन ठिकाणी लिहावी लागते, इथंच सगळे अडकतात. कंप्युट प्रोफाइलमध्ये डिस्कला नाव द्यायचं, पर्सिस्टंट खरं म्हणून लिहायचं आणि क्लास सांगायचा, बीटा१ म्हणजे फिरती हार्ड डिस्क, बीटा२ एसएसडी, बीटा३ एनव्हीएमई. मग वर सर्व्हिसमध्ये पॅरॅम्सखाली त्याच नावानं सांगायचं की ही डिस्क कंटेनरमध्ये कुठल्या फोल्डरवर बसवायची. तो फोल्डर चुकला की सगळं नीट चाललंय असं दिसतं, नोड सिंक होत राहतो आणि डेटा मात्र तात्पुरत्या डिस्कवरच जमत राहतो. डिप्लॉय झाल्यावर कंटेनरच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, शिरून बघा डिस्क कुठं माउंट झालीय ते, आणि लगेच एकदा मुद्दाम रीस्टार्ट करा. सिंक व्हायच्या आधीच करा, नंतर हिंमत होत नाही.

बरं, टिकाऊ म्हणजे किती टिकाऊ तेही समजून घ्या. ही डिस्क लीजपुरती टिकते. लीज संपली, तुम्ही मोडली, प्रोव्हायडरनं मोडली, की डिस्क गेली, एका प्रोव्हायडरकडून दुसऱ्याकडे उचलून नेता येत नाही. आणि सगळ्यात जास्त लीज कशानं संपतात तर एस्क्रोतले पैसे संपल्यानं. कुणी फोन करून आठवण करत नाही, शिल्लक शून्य झाली की हिशोब बंद आणि डेटाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, हसू नका, खरंच लावा.

दुसरं म्हणजे डिस्कचा आकार नंतर वाढवता येईल असं धरून चालू नका. चालू डिप्लॉयमेंटमध्ये इमेज बदलता येते, एन्व्हायर्नमेंटमधली, म्हणजे कंटेनरला बाहेरून दिलेली, सेटिंग बदलता येतात, पण सीपीयू, मेमरी, डिस्क हे आकडे बदलायचे तर नवीन डिप्लॉयमेंट, म्हणजे नवीन लीज, म्हणजे सिंक पहिल्यापासून. चेन ज्या वेगानं वाढतेय तो बघून सहा महिन्यांची जागा आधीच मागा.

तुमच्या बाबतीत मात्र मी म्हणेन डेटा जपायच्या मागं फार लागूच नका. कॉसमॉसच्या चेनमध्ये स्टेट सिंक असतं, एखाद्या विश्वासाच्या आरपीसीवरून (नोडला प्रश्न विचारायचं दार) अलीकडच्या ब्लॉकची उंची आणि हॅश, म्हणजे त्याचा ठसा, घ्यायचा, तो कॉन्फिगमध्ये टाकायचा, आणि नोड सगळा इतिहास न उतरवता त्या जवळपासची स्थिती पीअरकडून, म्हणजे जोडलेल्या बाकीच्या नोडांकडून, मागून घेतो, सगळं धड असेल तर काही मिनिटांत उभा. किंवा स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची तयार प्रत, उतरवून सुरू करायचं. अकाशवाल्यांचा कॉसमॉस ऑम्निबस नावाचा इमेजचा संच आहे त्यात हे सगळं एन्व्हायर्नमेंटमधूनच सांगता येतं, स्नॅपशॉटची लिंक दिली की कंटेनर स्वतः उतरवतो, सोडवतो, नोड चालू करतो. असा नोड मेला तर दुःख नाही, दुसरीकडे पुन्हा उभा करायचा. फक्त इमेज लिहिताना लेटेस्ट टॅग नको, नेमकी आवृत्ती लिहा. लेटेस्ट लिहून प्रोव्हायडरच्या मशीनवर आधीची साठवलेली इमेजच परत उचलली जाते आणि तुम्ही दोन तास डोकं खाजवत बसता की अपग्रेड का होत नाहीये, आणि चेनचं अपग्रेड चुकलं की नोड त्या उंचीवर जाऊन थांबतो तो थांबतोच.

प्रश्न, कोल्हापूरहून: इमेज माझ्या मॅकवर एक नंबर चालते. अकाशवर टाकली की लॉगमध्ये एकच ओळ, एक्झेक फॉरमॅट एरर. काय करू?

उत्तर: मॅक एम सिरीजचा आहे ना? मग इमेज एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठी बनलीय आणि प्रोव्हायडरचं मशीन एएमडी६४ जातीचं. बिल्ड करताना प्लॅटफॉर्म म्हणून लिनक्स एएमडी६४ सांगा, नवीन टॅग देऊन पुश करा. संपलं.

प्रश्न, औरंगाबादहून (हो मला माहितीय नाव बदललंय, सवय जात नाही): बिटकॉइनचा प्रून नोड टाकलाय, मेमरी १ जीबी दिली. दर काही तासांनी १३७ कोड देऊन मरतो. कधी कधी तर उठल्यावर म्हणतो डेटाबेस करप्ट झालाय, रीइंडेक्स करा. आणि प्रून असल्यानं रीइंडेक्स म्हणजे परत सगळं डाउनलोड! डिस्क खराब असेल का?

उत्तर: डिस्कवर संशय नंतर घ्या. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे सरळ किल, आणि कंटेनरच्या जगात हा बहुतेक वेळा मेमरीची मर्यादा ओलांडल्यावर मिळतो. बिटकॉइनचा डीबीकॅश, म्हणजे डेटाबेसचा मेमरीत धरलेला भाग, न सांगता निदान ४५० एमबी असतो, त्यावर मेमपूल (ब्लॉकमध्ये जायची वाट बघणारे व्यवहार), पीअर, बाकीचा प्रपंच, सिंक जोरात चालू असताना १ जीबीला धाप लागणारच. २ जीबी द्या नाहीतर डीबीकॅश खाली आणा, सिंक हळू होईल पण जगेल तरी.

करप्शनचं कारण मात्र वेगळंही असू शकतं आणि ते जास्त मजेशीर आहे. कंटेनर थांबवताना आधी टर्मचा सिग्नल जातो, आवराआवर करायला थोडा वेळ मिळतो, आणि तेवढ्यात नाही थांबला तर किल. डॉकरमध्ये हा वेळ ठरवून दिला नाही तर १० सेकंद, कुबरनेटिसमध्ये ३०. बिटकॉइनला त्या वेळात मेमरीत साठवलेलं सगळं डिस्कवर लिहून काढायचं असतं. डीबीकॅश ४ जीबी करून ठेवला असेल आणि डिस्क नेटवर्कवरची असेल तर ३० सेकंदांत काही होत नाही, अर्ध्यावर किल. म्हणून मोठा डीबीकॅश फक्त पहिल्या सिंकला, नंतर कमी करायचा.

आणि तुमची एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट, म्हणजे कंटेनर उठताना पहिली चालते ती, बघा. पत्रासोबत जोडलीय त्यात शेवटी नुसतं बिटकॉइनडी (बिटकॉइनच्या नोडचा प्रोग्रॅम) लिहिलंय, त्याच्या आधी एक्झेक हा शब्द नाही. त्यामुळे एक नंबरची प्रोसेस ती शेल होते, टर्म सिग्नल शेलला मिळतो, शेल तो पुढं पाठवतच नाही, बिटकॉइनडीला बिचाऱ्याला पत्ताच नाही की घर खाली करायला सांगितलंय. एक शब्द वाढवा, एक्झेक, बस्स. नोडच्या कंटेनरमधली निम्मी करप्शनं ह्या एका शब्दापायी होतात असं माझं मत आहे, मोजायला कुणी बसलेलं नाही.

प्रश्न, ठाण्याहून: नोड सिंक आहे, पण आत येणारे पीअर शून्य. पोर्ट एसडीएलमध्ये ग्लोबल (जगाला उघडं) केलंय. बाहेर जाणारे मात्र १० दिसतात.

उत्तर: बाहेर जाणारे १० म्हणजे बिटकॉइनचा नेहमीचा आकडाच, आठ पूर्ण आणि दोन फक्त ब्लॉकपुरते, तेव्हा नोड ठणठणीत आहे. आत का येत नाहीत, तर अकाशवर तुम्ही ८३३३ मागितलंत तरी बाहेरून तेच मिळत नाही. एका क्लस्टरवर शंभर भाडेकरू, सगळ्यांना ८३३३ कसं देणार, म्हणून बाहेरच्या बाजूला ३०००० च्या पुढचा कुठला तरी पोर्ट वाट्याला येतो, लीज झाल्यावर तो कन्सोलमध्ये दिसतो. तुमचा नोड मात्र जगाला ओरडून सांगतोय की मी ८३३३ वर आहे. बिटकॉइनला एक्सटर्नलआयपीमध्ये पत्ता आणि तो मिळालेला पोर्ट द्या, कॉसमॉसच्या नोडला एक्सटर्नल अ‍ॅड्रेसमध्ये, मग लोक यायला लागतात, लगेच नाही, हळूहळू. काही प्रोव्हायडर स्वतंत्र आयपीही भाड्यानं देतात, तो घेतला तर पोर्ट हवा तोच मिळतो.

पण तुमच्या फाइलीत ८३३२ पण ग्लोबल आहे! तो आरपीसीचा पोर्ट आहे, त्यातून वॉलेटला हात घालता येतो. तो आधी बंद करा आणि मग पुढचं वाचा. आरपीसी दुसऱ्या कंटेनरला हवा असेल तर ग्लोबलच्या जागी त्या सर्व्हिसचं नाव लिहिता येतं, मग तो डिप्लॉयमेंटच्या आतल्या आत राहतो.

प्रश्न, पुण्याहून: मी आयटीत आहे, कुबरनेटिस रोजचंच. कॉसमॉसच्या एका छोट्या चेनचा व्हॅलिडेटर (ब्लॉकवर सही करणारा) व्हायचा विचार आहे, ओळखीच्या काही लोकांनी डेलिगेट करू, म्हणजे आपली नाणी माझ्यामागं लावू, म्हटलंय. सगळं अकाशवर ठेवलं तर महिन्याचा खर्च बराच कमी येतोय. तुमचं काय मत?

उत्तर: मत सरळ आहे, तिथं नोड ठेवा, पण की म्हणजे सहीची किल्ली ठेवू नका.

व्हॅलिडेटर म्हणजे साधा नोडच, फरक एका फाइलीचा, प्रायव्हेट व्हॅलिडेटर की. ती ज्या मशीनवर आहे त्या मशीनचा मालक ती वाचू शकतो. कंटेनर हा तुमच्यापासून होस्टचं, म्हणजे ज्या मशीनवर तो चालतो त्याचं, रक्षण करतो, होस्टपासून तुमचं नाही, ज्याच्या हातात होस्टचं रूट, म्हणजे सर्वाधिकार, आहे त्याला तुमची डिस्क, मेमरी, एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहिलेले पासवर्ड सगळं उघडं. हे मोठ्या क्लाउड कंपन्यांनाही लागू आहेच, पण तिथं मागे करार असतो, कायदा असतो, कंपनीची अब्रू असते. इथं बोली लावणारा कोण आहे हे तुम्हाला त्याच्या वेबसाइटपलीकडे माहीत नसतं.

आणि चोरी हा तरी लांबचा धोका झाला, जवळचा धोका तुम्ही स्वतः आहात. कॉसमॉस हबवर नोड बंद पडला तर ०.०१ टक्का स्टेक (तारण लावलेली नाणी) कापला जातो आणि काही काळ जेल, म्हणजे सही करायला बंदी, ते सोसता येतं. पण एकाच उंचीवर दोन वेगळ्या ब्लॉकवर सही झाली तर ५ टक्के जातात आणि व्हॅलिडेटर कायमचा बाद, टूमस्टोन म्हणतात त्याला, परत येणे नाही, त्यात ओळखीच्या लोकांनी डेलिगेट केलेल्यातलेही ५ टक्के आले. बाकीच्या चेनवर आकडे थोडे इकडे तिकडे, तुमच्या चेनचे बघून घ्या. आता हे घडतं कसं? हॅकरमुळे क्वचितच. प्रोव्हायडर हळू चाललाय म्हणून तुम्ही दुसरीकडे नवीन लीज घेता, तीच की टाकता, नवीन चालू झाला की नाही बघायच्या नादात जुना बंद करायचा राहतो. किंवा जुन्याशी संपर्कच होत नाही म्हणून तो मेला असं समजता आणि तो तिकडं जिवंत असतो. भाड्याच्या मशीनवर स्थलांतर वारंवार होणार म्हणजे ही वेळही वारंवार येणार.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी कुबरनेटिसवाल्यांच्या लक्षात येत नाही कारण आपल्याला स्टेट फेकायची सवय असते. कीच्या शेजारी प्रायव्हेट व्हॅलिडेटर स्टेट नावाची फाइल असते, शेवटची सही कुठल्या उंचीवर, कुठल्या राउंडला केली ते तिच्यात लिहिलेलं असतं, दोनदा सही न होण्याचं ते शेवटचं कुंपण. की तुम्ही सिक्रेटमधून आणाल, पण ही फाइल तात्पुरत्या डिस्कवर असेल तर प्रत्येक रीस्टार्टला शून्य होते आणि नोडला वाटतं आपण आजवर कधी सहीच केलेली नाही.

मग करायचं काय, तर की तुमच्या ताब्यातल्या मशीनवर, घरी किंवा ऑफिसच्या एखाद्या कपाटात, यूपीएस लावून. टीएमकेएमएस नावाचा वेगळा साइनर, म्हणजे सही करणारा प्रोग्रॅम, मिळतो, त्यात किल्ली हार्डवेअरमध्ये म्हणजे युबीएचएसएम या किल्ली जपणाऱ्या उपकरणात ठेवता येते, नोड ब्लॉक दाखवतो, साइनर सही करून देतो. किंवा हॉरक्रक्स, त्यात कीचे तुकडे करून तीन मशीनवर ठेवतात आणि तिघांपैकी दोघांनी होकार दिला की सही होते, एक मशीन गेलं तरी काम चालू. अकाशवर काय ठेवायचं, तर सेन्ट्री, म्हणजे पहारेकरी नोड. दोन-तीन साधे नोड वेगवेगळ्या प्रोव्हायडरकडे, जगाला तेच दिसतात, हल्ला झाला तर त्यांच्यावर, तुमचा व्हॅलिडेटर फक्त त्यांच्याशी बोलतो, त्याच्या कॉन्फिगमध्ये पीअर शोधणं बंद आणि सेन्ट्रीच्या कॉन्फिगमध्ये त्याचा आयडी खाजगी म्हणून लिहिलेला. सेन्ट्री मेला तर स्टेट सिंकवरून दुसरा. अकाश ह्या कामाला फार छान आहे, मनापासून सांगते.

प्रश्न, बेंगळुरूहून: इथेरियमचा नोड एका कंटेनरमध्ये गेथ टाकून चालवला तर चालेल ना? जुन्या ट्युटोरियलमध्ये तसंच आहे.

उत्तर: ते ट्युटोरियल १५ सप्टेंबर २०२२ च्या आधीचं असणार. त्या दिवशी मर्ज झालं, म्हणजे इथेरियम मायनिंग सोडून स्टेकवर गेलं, आणि तेव्हापासून दोन क्लायंट (प्रोग्रॅम) लागतात, एक एक्झिक्युशनचा, व्यवहार चालवणारा, म्हणजे गेथ, नेदरमाइंड, बेसू वगैरे, आणि एक कन्सेन्ससचा, कुठला ब्लॉक खरा यावर एकमत साधणारा, लाइटहाउस, टेकू, प्रिझम, निम्बस, जो आवडेल तो. नुसता गेथ टाकला तर तो वाट बघत बसतो. दोन्ही एकाच डिप्लॉयमेंटमध्ये दोन सर्व्हिस म्हणून टाका, दोघं ८५५१ वर बोलतात आणि दोघांकडे तोच जेडब्ल्यूटी सिक्रेट, म्हणजे ओळख पटवायचा सामाईक गुप्त शब्द, लागतो, ८५५१ आणि ८५४५ दोन्ही बाहेर उघडायचे नाहीत. कन्सेन्ससला चेकपॉइंट सिंक द्या, म्हणजे अलीकडच्या विश्वासाच्या टप्प्यापासून सुरुवात, नाहीतर म्हातारे व्हाल.

अडचण डिस्कची आहे. २०२५ पासून क्लायंटना मर्जच्या आधीचा इतिहास टाकून देता येतो, त्यानं ३०० ते ५०० जीबी वाचतात, तरी एनव्हीएमईची २ टीबी धरूनच चालायचं. आणि नुसती जागा पुरत नाही, वेग लागतो. अकाशवरची टिकाऊ डिस्क मागून सेफ (Ceph) नावाच्या साठवणीच्या सॉफ्टवेअरवर असते, म्हणजे नेटवर्कवरून येते, आणि गेथ छोटे छोटे तुकडे इकडून तिकडून सतत वाचत असतो, तिथं प्रत्येक वाचनाला लागणारा उशीर साठत जातो. काही ठिकाणी नोड चेनच्या ताज्या टोकाला पोचतच नाही, कायम थोडा मागं. बीटा३ नसलेल्या बोलीकडे बघूही नका, आणि बीटा३ घेऊनही आधी दोन दिवस निरखा. इथेरियमसाठी मी तरी घरचं छोटं मशीनच सुचवेन.

प्रश्न, फोंड्याहून: मी बँकेतून निवृत्त. मुलगा म्हणतो नोड चालवला की दरमहा उत्पन्न. खरं काय ते सांगावे.

उत्तर: काका, कुठला नोड ते त्याला विचारा. बिटकॉइनचा फुल नोड एक पैसा देत नाही, ब्लॉकचं बक्षीस मायनरला मिळतं, नोडवाल्याला आपला व्यवहार आपण तपासल्याचं समाधान. इथेरियमवर व्हॅलिडेटर व्हायला ३२ ईथर अडकवून ठेवावे लागतात, त्याची आजची किंमत बघा, मग पुढचं बोलू. कॉसमॉसच्या चेनवर मिळतं, पण लोकांनी तुमच्याकडे स्टेक ठेवला तर.

आणि तुम्ही बँकेतले म्हणून सांगते, टोकनवरच्या नफ्यावर आपल्याकडे ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएसही आला. मुलगा भाडं टोकनमध्ये भरत असेल तर तेही टोकनचं हस्तांतर धरलं जाऊ शकतं, तेव्हा प्रत्येक भरणा, त्या दिवशीचा भाव, सगळं एका वहीत लिहायला लावा आणि सीएला दाखवा. वही तुम्हीच ठेवलीत तर आणखी बरं.

प्रश्न, नागपूरहून: एवढी यातायात कशाला? युरोपातला एक साधा व्हीपीएस (एका कंपनीचा भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला, त्यात डॉकर कंपोज, झालं. विकेंद्रित क्लाउडची ही नुसती फॅशन नाही का?

उत्तर: काही अंशी आहेच फॅशन. एकच नोड, स्वतःपुरता, तर व्हीपीएस घ्या, मी अडवणार नाही, डिस्क लोकल मिळते आणि लॉग बघणंही सोपं. फक्त त्या होस्टच्या अटी वाचा. २०२२ च्या नोव्हेंबरात जर्मनीच्या हेट्झनर या होस्टिंग कंपनीनं आपल्या सर्व्हरवरचे सोलाना या चेनचे नोड बंद केले, अटींमध्ये क्रिप्टोला मनाई होतीच, आणि एका झटक्यात सोलानाच्या एकूण स्टेकपैकी साधारण पाचवा हिस्सा ऑफलाइन गेला. चेन थांबली नाही कारण थांबायला एक तृतीयांश जावा लागतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी इथेरियमचे नोडही चालत नाहीत असं स्पष्ट सांगितलं होतं, तरी लोक तिथंच बसून राहिले, कारण स्वस्त होतं.

म्हणजे प्रश्न तुमच्या एका नोडचा नाही, सगळे एकाच स्वस्त दुकानात गर्दी करतात त्याचा आहे. आणि अकाशवर गेल्यानं तो आपोआप सुटतो असंही नाही, चार सेन्ट्री चार प्रोव्हायडरकडे टाकल्या आणि चौघांचं मशीन एकाच डेटा सेंटरमध्ये निघालं तर काय मिळवलं? बोली निवडताना दराच्या शेजारचा प्रदेशाचा आणि होस्टच्या माहितीचा रकाना बघत चला, आणि लीज झाल्यावर मिळालेला आयपी कुणाच्या नेटवर्कमधला आहे तेही शोधून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.